थोरलीची जागा

१० नोव्हेंबर

धाकट्या,

शनिवार, ९ नोव्हेंबर, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी तू थोरलीला पुन्हा स्टुलावर बसवलंस.

तारीख आणि वेळ आधी लिहिली, कारण तक्रारीचं पत्र कसं लिहायचं ते मला नन्सनी शिकवलं आहे. आधी केव्हा, मग कुणी, मग काय, शेवटी मागणी. मध्ये रडारड नको. बाबांनी मला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात घातलं आणि तुला सर्कशीच्या झुल्यावर ठेवलं, त्यामुळे तुझ्या पत्रांना शेंडाही नसायचा आणि बुडखाही. अर्थात हे मी आठवणीवर बोलते आहे. सात वर्षांत तुझी दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा आलेली नाही.

तू पडद्यामागे असशील, म्हणून समोरून काय दिसलं ते सांगते. मी तिसऱ्या रांगेत होते, कुणाच्या पासावर नव्हे. परेड सुरू झाली. झेंडेवाले आले, त्यांच्यामागे मोठ्या चाकावर तुझी लेक आली. तिच्यानंतर जिथे गेली एकतीस वर्षं भुसा आणि हवा यांखेरीज काही नसतं, तिथे निळसर उजेडाची एक हत्तीण उभी राहिली. लोकांनी आ वासला. माझ्या शेजारणीनं फोन उंच धरला आणि कोपरानं माझा चष्मा वाकडा केला. हत्तीण पुढे आली. चालत नाही, बर्फावरून पेटी ओढावी तशी सरकत. मग उजेडाचंच एक स्टूल आलं आणि ती त्यावर बसली. पुढचे पाय वर, सोंड वर. टाळ्याच टाळ्या.

तिचे गुडघे कशानं गेले ते तुला मी सांगायला नको.

ते स्टूल मी रंगवलं होतं, एका सुट्टीत. लाल, वर सोनेरी चांदण्या. बाबा म्हणाले, "मधलीनं रंगवलं, धाकट्यानं पुसलं, थोरली बसणार. तिन्ही लेकरं कामाला लागली." आठवतं? कुणी विचारलं, मुलं किती, की ते सांगायचे तीन. "धाकटा वर झुल्यावर आहे, मधली शाळेत आहे, थोरली मागे गवत खातेय." तू हल्ली मुलाखतींत हा किस्सा सांगतोस आणि त्यात थोरली ऊस खाते. आपल्याकडे ऊस कधी होता? गवत होतं, आणि तेही पुरेसं नसायचं.

आपण दुष्ट नव्हतो, पण बाबांच्या हातात अंकुश होता. तो विसरता यावा म्हणून आपण जनावरांशिवायची सर्कस उभी केली नाही. लक्षात राहावा म्हणून केली.

मी तेवढ्यावर उठून आले. पुढचं काही पाहिलं नाही.

मागणी: ती उजेडाची हत्तीण काढून टाक. जागा रिकामी कर.

मधली

१४ नोव्हेंबर

धाकट्या,

मी पत्र तुला लिहिलं. उत्तर तुझ्या ऑफिसातल्या मुलीनं फोनवर दिलं. आवाज असा गोड की कानाला मुंग्या लागाव्यात.

"मॅडम, सरांना पत्र मिळालं. सर फार भावूक झाले."

"त्याला खुशाल होऊ दे. हत्तीण काढली का?"

"मॅडम, ते प्रोजेक्शन आहे."

"मला डोळे आहेत, बाई."

"पुढच्या महिन्यात परदेश दौरा आहे ना, तिथल्या लोकांना तेच हवं आहे."

"तिथल्या लोकांनी तर जागा रिकामी ठेवायची हे आपल्याकडून उचललं."

खरोखरच न कळून तिनं विचारलं, "कुठली जागा, मॅडम?"

मी फोन ठेवला. त्या पोरीला बोलणार नाही, तिचा काय दोष? पण तुझ्या स्वतःच्या ऑफिसात 'कुठली जागा' असं विचारणारं माणूस बसलेलं असेल, तर मला ते कागदावर उतरवलंच पाहिजे. हे पत्र तिलाही वाचायला दे.

बाबा गेले त्याच वर्षी आपण दोघांनी ठरवलं, की जनावरं सोडायची. कुणी सक्ती केली नव्हती. सकाळी तीन ट्रक आले. एकात तट्टं. एकात ते म्हातारे सिंह नवरा-बायको, ज्यांच्यात मिळून धड एक जबडा नव्हता. तिसऱ्यात थोरली. तू तंबूच्या पार वर, झुल्याच्या फळीवर जाऊन बसलास. मी खालून हाका मारल्या, "धाकट्या, ती निघाली रे!" तू उतरला नाहीस. मी ट्रकमध्ये मागे, तिच्या पायांशी बसून जनावरांच्या निवाऱ्यापर्यंत गेले. वाटभर ती सोंडेनं माझे खिसे चाचपत होती.

मग तो पहिला खेळ. तंबू निम्माही भरला नव्हता. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "जनावरं कुठे गेली? तुम्हीच खाल्लीत का?" हशा झाला. बाबांची छडी माझ्या हातात होती, मी परेडच्या पुढे. माझ्यामागे झेंडेवाले, त्यांच्यामागे काठ्यांच्या पायांवर चालणारे, शेवटी ढोल्या आणि त्याचा बँड. ढोल वाजवतो आणि पोटही तसंच, म्हणून ढोल्या. हे त्या मुलीसाठी. मी पहिल्या वळणावर आले आणि ढोल्यानं ठोका लांबवला. थोरलीला वळायला वेळ लागायचा, म्हणून तो वर्षानुवर्षं तिथे ठोका लांबवत आला होता. मी चिडून मागे पाहिलं. झेंडेवाले आणि काठीवाले यांच्यामध्ये एका हत्तिणीएवढी जागा सुटली होती. कुणी सांगितलं नव्हतं. सगळे सवयीनं तिला वाट देऊन चालत होते. काठीवाला तर तिच्या शेपटीला टाळून एक पाऊल बाजूला टाकत होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक आता काय म्हणतील? आणि लोक गप्प झाले.

पहिल्या रांगेत तो घड्याळजी बसला होता, दर हंगामात यायचा तो. थोरली जवळून जाताना पहिल्या रांगेतले लोक नेहमी पाय आत ओढून घ्यायचे. ती जागा त्याच्यासमोर आली तसे त्यानं पाय आत घेतले. मग त्याच्या बायकोनं. मग सगळ्या रांगेनं, एकामागून एक.

मी आत जाऊन ढोल्यावर तुटून पडले. "झोपला होतास का?" तो रडत होता. म्हणाला, "ताई, ती वळल्याशिवाय मी पुढचा ठोका देऊ कसा?"

आपली सर्कस तिथे सुरू झाली, धाकट्या. तुझ्या त्या जाड चकचकीत पुस्तिकेत लिहिलं आहे तशी 'एका दूरदृष्टीच्या संकल्पनेतून' नव्हे. सगळ्यांची मिळून एक चूक झाली आणि आपल्याला ती दुरुस्त न करण्याची बुद्धी झाली, एवढंच. त्यानंतर तू सिंहाच्या पिंजऱ्याचे गज उभे रोवून त्यांवर कसरती बसवल्यास. मी तट्टांच्या झुली उसवून पोरांचे पोशाख शिवले. पाच वर्षांत लोक लांबून यायला लागले, दहा वर्षांत शिकायला. बाहेरच्या एका कंपनीनं त्यांच्या अस्वलाची खुर्ची रिकामी ठेवली आणि आपल्याला फोटो पाठवला. दुसऱ्या एकीनं घोड्यांच्या रिंगणात दिवे लावले आणि कुणालाही आत जाऊ दिलं नाही. लोक म्हणायचे, ही नवी सर्कस. मला हसू यायचं. आपण फक्त जुनीतलं काय गेलं ते दाखवत होतो.

आणखी एक. शेवटी लोकांपुढे वाकायला येशील तेव्हा कोट नीट घाल. मधलं बटण लोंबत होतं.

मधली

१९ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझी लेक येऊन गेली. टाचणी हे नाव मी ठेवलं तेव्हा तू रागावला होतास. आता तिच्या जाहिरातीवरही तेच छापतोस. फळांची टोपली घेऊन आली होती. सफरचंदं ठीक. संत्री आंबट.

"आत्या, बाबांनी पाठवलंय."

"तुझ्या बापाला माझा पत्ता माहीत आहे होय?"

"लाँड्रीच्या वर. ते येतात की खाली, शर्ट टाकायला."

तुझ्या घरापासून चार पावलांवर दुसरी लाँड्री आहे. माझ्या खिडकीत दिवसभर खालची वाफ येते आणि मी तिला शिव्या घालते. त्या वाफेत तुझे शर्ट असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग म्हणाली, "आत्या, तू रोज खेळाला येतेस ना? तिकीटवाले सांगत होते."

"डॉक्टरांनी संध्याकाळी चालायला सांगितलंय. तंबू वाटेत लागतो."

"तंबू नदीपलीकडे आहे, आत्या."

"मग नदीही वाटेत लागते."

ती हसली. अगदी आपल्या आईसारखी हसते, नाक आधी. मग बुटाचे बंद सोडून खुर्चीवर मांडी घालून बसली आणि मी न विचारता तिनं सांगायला सुरुवात केली. आता ती काय म्हणाली ते तुलाच परत सांगते. तिनं तुझी चुगली केली असं समजू नकोस. तुझं पोटात ठेवायचं वळण तिला लागलं नाही, हे नशीब समज.

बाबांच्या वेळच्या सगळ्या फिल्मा तुम्ही पाहिल्यात. थोरली स्टुलावर आहे, थोरली चेंडूवर आहे, थोरली सोंडेनं टोपी काढते आहे. साधी चालताना ती कुठेच नाही. खेळ सोडून हत्तीण चालताना कोण कशाला फिल्म वाया घालवेल? मग तू संगणकवाल्या मुलांपुढे स्वतः चालून दाखवलंस. वाकून, एक हात सोंडेसारखा लोंबता सोडून. पुन्हा पुन्हा दाखवलंस. आणि मध्येच थांबून म्हणालास, "नाही आठवत."

"मग बाबा बाकांच्या मागे जाऊन रडत बसले, आत्या. मी पाणी नेलं तर म्हणाले, तिचं चालणं गेलं माझ्या डोक्यातून. आता ती जागा नुसती जागा आहे. आणि खरं सांगू? आम्हालाही कुठे माहीत आहे? आमच्यातल्या कुणीच तिला पाहिलेलं नाही. ती नवीन मुलं विचारत होती, ही मोकळी जागा फोटोवाल्यांसाठी का?"

मला आधी वाटलं होतं, तू टाळ्यांसाठी केलंस. ते मागे घेते. पण हत्तीण काढ, हे मागे घेत नाही.

सात वर्षांपूर्वी निवाऱ्यातून निरोप आला, थोरली गेली. मी म्हटलं, आजचा खेळ बंद ठेवू. तू म्हणालास, खेळ होणार. आणि खेळ केलास, लोकांना एक शब्दही न सांगता, आणि मी त्याच आठवड्यात निवृत्तीचा कागद तुझ्या टेबलावर ठेवला. सर्कशीतल्या लोकांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते रोज मागे पडतं आणि मी रोज पुढे करते. तेव्हापासून मी म्हणत आले, की तुला काही वाटलंच नाही. आता टाचणी सांगते, की तुला आठवत नाही म्हणून तू रडलास. म्हणजे मी सात वर्षं चुकीच्या गोष्टीवर चिडले होते. बरोबर गोष्टीवर चिडायला मला आता नव्यानं सुरुवात करावी लागते आहे, या वयात.

ती कशी चालायची ते मला आठवतं. सकाळी मी तिच्या बरोबर पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे. तू झुल्यावर असायचास. मागचा डावा पाय ती आधी ठेवून पाहायची, थंड पाण्यात बोट बुडवून पाहावं तसा, आणि मग त्यावर भार द्यायची. पाय पडण्याआधी कान हलायचा. पावलाचा आवाज व्हायचाच नाही. भुसा फक्त बसायचा, उसासा टाकल्यासारखा. तिच्या बाजूनं चालताना अंगाला ऊब लागायची, भट्टीजवळून गेल्यासारखी, आणि गवताचा ओलसर वास. आपल्याला वाटायचं आपण तिला नेतो. तीच आपल्या चालीकडे बघून सावकाश व्हायची.

हे फिल्मवर येत नाही. उजेडातही येत नाही.

मधली

२४ नोव्हेंबर

धाकट्या,

आज दुपारच्या खेळाला मी होते. आता लपवण्यात अर्थ नाही, कारण तू माझा आवाज ऐकलास.

परेड निम्म्यावर आली आणि यंत्र बंद पडलं. निळी हत्तीण विझली. वाईट त्याचं वाटलं नाही. वाईट पुढचं होतं. ती विझली आणि मुलं एकमेकांच्या जवळ सरकली. चाकाला काठीवाले येऊन भिडले, मध्ये एका माणसाचीही फट उरली नाही. काही नाही तिथे, मग सोडायचं कशासाठी? वळणावर बिचाऱ्या ढोल्यानं ठोका लांबवला, पावलं चुकली आणि एक काठीवाला पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या मांडीवर जाऊन पडला. लोक पोट धरून हसले. त्यांना वाटलं, विदूषकी आहे.

एकतीस वर्षांपूर्वी ती नव्हती आणि सगळ्यांनी तिला जागा सोडली. आज तिची जागा क्षणात मिटली. मला बसवेना.

आणि तू आत आलास. कोट नाही, नुसता शर्ट. चाकाच्या आणि काठीवाल्यांच्या मध्ये घुसलास, दोन्ही हात पसरून त्यांना मागे सारलंस, आणि त्या मोकळ्या तुकड्यात उभा राहिलास. मग इकडे पाहिलंस, तिकडे पाहिलंस. एक पाऊल पुढे, परत मागे. ती नक्की कुठे असायची ते तुला सापडत नव्हतं. तू रिंगणाच्या आतल्या अंगाला उभा होतास. ती तिथे कधीच चालली नाही. आत झुल्याच्या दोऱ्या होत्या आणि एकदा सोंड अडकल्यापासून ती दोऱ्यांपासून लांब राहायची.

मी उभी राहून ओरडले, "बाहेरच्या अंगाला! कठड्याकडे!"

बोर्डिंगात मला गायनातून काढून टाकलं होतं, ते याच आवाजासाठी.

तू वळून पाहिलं नाहीस. पण सरकलास. कठड्याकडे, दोन हात. ढोल्यानं मला ओळखलं असावं, कारण त्यानं ठोका धरून ठेवला, धरून ठेवला, आणि तू एकटा, हात पसरलेला, त्या वळणावरून सावकाश वळलास. डावा पाय आधी टेकवून पाहत, ती मागचा टेकवायची तसा.

त्या एका वळणापुरतं ते बरोबर होतं. घरी येऊन चहा केला आणि तसाच गार केला.

मधली

२७ नोव्हेंबर

धाकट्या,

ढोल्या येऊन सांगून गेला, की सोमवारी यंत्र दुरुस्त झालं आणि हत्तीण परत स्टुलावर बसली. मंगळवारीही बसली. सामान पेट्यांत भरायला घेतलं आहे आणि तीन तारखेला तुम्ही दौऱ्यावर निघता, यंत्रासकट.

मी ढोल्याला विचारलं, "धाकटा काय म्हणतो?"

"म्हणतो, बघू."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी म्हणतो ताई, माझे हात थरथरतात. मी आहे तोवर ठोका लांबवीन. माझ्यानंतर येईल तो कशासाठी लांबवील?"

म्हणून हे शेवटचं पत्र, आणि यात गोलमाल काही ठेवत नाही.

मला स्मारक नको आहे. तुझ्या पुस्तिकेत माझं नाव नको, रंगमंचावर बोलावून फुलं नकोत. लोकांना आवडतं, हे मला मान्य आहे. पण त्यांना जे आवडतं आहे ते आपल्या बहिणीचं दुखणं आहे. बाबांनी अंकुश लावून तिला बसवली. तू अंकुशाशिवाय बसवतोस आणि ती उठूही शकत नाही, कारण तिला दुसरं काही येत नाही. फिल्ममध्ये तेवढीच आहे. तिची नक्कल तुम्ही गावोगाव घेऊन फिरलात, तर दहा वर्षांनी स्टुलावरची हत्तीण तेवढी उरेल. चालणारी हत्तीण जगात फक्त एका म्हातारीच्या डोक्यात आहे आणि त्या म्हातारीचंही मागचं एक गुडघा-प्रकरण डॉक्टरांच्या हातात आहे. ऑपरेशन जानेवारीत. तुला कळवणार नव्हते.

तेव्हा मागणी. दौऱ्याच्या पहिल्या खेळात परेडमध्ये थोरलीची जागा रिकामी राहील. यंत्र इथेच राहील. निघण्याआधीचे दोन दिवस, रविवार आणि सोमवार, सकाळी मला मोकळं रिंगण आणि सगळी मुलं हवीत. मी त्यांना तिच्या बाजूनं चालायला शिकवीन. किती अंतरावरून ऊब लागते, कान हलला की काय करायचं, शेपटीला कुठून टाळायचं. टाचणीला पुढे ठेवीन, ढोल्याला मागे. मध्ये तू असशील. तुला आठवत नाही ना? मग तू तिथेच चालायचंस, तिच्या कठड्याकडच्या बाजूला, आणि मी सांगेन तसं. लहान होतास तेव्हा तिचा कान धरून चालायचास. कान कुठल्या उंचीवर होता ते तुझ्या हाताला आठवेल, डोक्याला नाही आठवलं तरी.

मला फक्त पाठ असलेली एक खुर्ची लागेल. शिडी चढणार नाही.

तू 'नाही' म्हणालास तर मी पुन्हा लिहिणार नाही आणि खेळालाही येणार नाही. धमकी म्हणून सांगत नाही. ती स्टुलावर बसलेली मला आणखी पाहवत नाही, इतकंच.

हे सगळं तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीनं, कागदावर हवं. ऑफिसातल्या मुलीकडून नको, ढोल्याच्या तोंडून नको, फोनवर नको. फोनवर तू गप्प बसतोस आणि तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावत मी सात वर्षं घालवली. हो किंवा नाही, एका शब्दात लिहिलंस तरी पुरे.

उत्तर शनिवार, ३० नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. मी घरीच आहे.

मधली